साक्षीपुराव्यातील चुकीवर फौजदारी अपील कसे उभे करावे

पंच फितूर झाला, जप्तीच्या पाकिटाला धड सील नव्हते, मुख्य साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी महिनाभराने घेतला आणि तरीही शिक्षा लागली, तेव्हा उच्च न्यायालयात निकाल फिरणारच, अशी खात्री बाळगून आरोपीचे नातेवाईक वकिलाकडे येतात. ही खात्री अर्धीच खरी आहे. पुरावा दाखल करून घेण्यात किंवा नाकारण्यात चूक झाली, एवढ्याच कारणावरून निकाल उलटवता येत नाही, हे कायद्यानेच सांगून ठेवले आहे. भारतीय पुरावा अधिनियम, 1872 च्या कलम 167 मध्ये हा नियम होता आणि भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 169 मध्ये तो जवळपास जसाच्या तसा आला आहे. चुकून आत आलेला पुरावा वगळला तरी उरलेला पुरावा शिक्षेला पुरेसा असेल, किंवा चुकून नाकारलेला पुरावा घेतला असता तरी निकालात फरक पडला नसता, तर चूक मान्य होऊनही शिक्षा कायम राहते. चूक शोधणे हे अपिलातले सोपे काम आहे. ती वजा केल्यावर सरकार पक्षाच्या हाती काय उरते हे दाखवणे अवघड, आणि अपील चालते ते त्यावर.

नवे तीन फौजदारी कायदे 1 जुलै 2024 पासून लागू झाले असले, तरी त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले जुन्या पुरावा कायद्यानेच चालवायचे आहेत. त्यामुळे आज उच्च न्यायालयात येणाऱ्या बहुतेक अपिलांत जुनी कलमे वाचावी लागतात, आणि पुढे दोन्ही क्रमांक दिले आहेत ते त्यासाठीच.

मुदत आणि कागद

सत्र न्यायाधीशाने दिलेल्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास 60 दिवस मिळतात, फाशीची शिक्षा असेल तर 30 दिवस, आणि दंडाधिकाऱ्याच्या निकालाविरुद्ध सत्र न्यायालयात जायचे असेल तरीही 30 दिवस. निकालपत्राची नक्कल मिळण्यास लागलेला काळ यातून वजा होतो आणि सबळ कारण असल्यास विलंब माफही होतो. कारावासाची शिक्षा झालेल्याला निकालपत्राची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. आरोपी तुरुंगात असेल तर तुरुंग अधिकाऱ्यामार्फत अपील पाठवता येते, आणि कोठडीत असलेल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळतो. अपील मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा यांपैकी योग्य त्या ठिकाणी दाखल होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे.

केवळ निकालपत्र वाचून अपिलाचा मसुदा करू नये. निकालपत्रात न्यायाधीशाला महत्त्वाचे वाटले तेवढेच आलेले असते आणि चूक बहुधा त्याच्या बाहेर असते. दोषारोप, प्रत्येक साक्षीदाराची सरतपासणी व उलटतपासणी, निशाण्यांची (क्रमांक देऊन पुराव्यात दाखल केलेल्या कागदांची) आणि मुद्देमालाची यादी, फेटाळलेले अर्ज, आरोपीचा जबाब आणि रोजनामा (खटल्याच्या प्रत्येक तारखेला काय झाले याची न्यायालयीन नोंद) या सर्वांच्या नकला काढून घ्याव्यात. रोजनामा वाचण्याचा कंटाळा अनेक जण करतात, पण कोणत्या तारखेला कोणता साक्षीदार हजर असूनही तपासला गेला नाही, मुद्देमाल न्यायालयात कधी आला, बचावाचा वकील गैरहजर असताना साक्ष झाली का, हे तिथेच सापडते. साक्ष मराठीत आणि इंग्रजीत अशी दोन्ही भाषांत नोंदलेली असेल तर दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून पाहाव्यात. मराठीत साक्षीदार म्हणतो, ‘अंधार होता, आवाजावरून तोच वाटला’, आणि इंग्रजी प्रतीत त्याने आरोपीला ओळखल्याचे सरळ विधान उतरते, असे घडू शकते. निकालपत्र इंग्रजी प्रतीवरून लिहिले गेले असेल तर अपिलाचा सर्वांत भक्कम मुद्दा कदाचित तोच ठरेल.

यानंतर एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात निकालपत्राने शिक्षेसाठी आधार मानलेली प्रत्येक परिस्थिती, दुसऱ्यात ती कोणत्या साक्षीदाराने किंवा निशाणीने शाबीत झाली असे न्यायाधीश म्हणतात ते, आणि तिसऱ्यात त्या पुराव्यातील दोष लिहावा. दोषी ओळी खोडून झाल्यावर उरलेल्या ओळी सलग वाचाव्यात. त्यातून आरोपीच गुन्हेगार असल्याचे अजूनही निष्पन्न होत असेल, तर कितीही चुका सापडलेल्या असल्या तरी अपील कमकुवत आहे, हे पक्षकाराला आधीच सांगावे.

कबुलीचा भाग आणि शोधाचा भाग

पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही (जुनी कलमे 25 व 26, नवे कलम 23). तिला अपवाद एकच: आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट संबंधित असलेला तेवढाच भाग वाचता येतो. प्रिव्ही कौन्सिलच्या (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाच्या) पुलुकुरी कोटय्या निवाड्यापासून हा नियम पक्का आहे, तरी मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीने पंचांसमोर दिलेल्या माहितीची पोलिसांची नोंद, अख्खाच्या अख्खा निशाणी म्हणून दाखल होण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. समजा पंचनाम्यात लिहिले आहे, ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो कोयता मी उसाच्या फडात बांधाजवळ पुरला आहे, तो काढून देतो.’ यातील ‘कोयता उसाच्या फडात बांधाजवळ पुरला आहे, तो काढून देतो’ एवढेच वाचता येते. ‘ज्या कोयत्याने मी त्याला मारले’ हे शब्द न्यायाधीशाने डोळ्यांआडच करायला हवेत. निकालपत्रात ‘आरोपीने दाखवून दिलेले खुनाचे हत्यार’ असा उल्लेख आला, की तो वर्ज्य भाग मागच्या दाराने आत आल्याचे ओळखावे.

इथेच थांबू नये. तो भाग वगळल्यावर उरते ते एवढेच, की एका शेतात कोयता असल्याचे आरोपीला ठाऊक होते. त्या शेतात कोणालाही जाता येत होते का, कोयता जागेवरच सील केला होता का, रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात त्यावरील रक्ताचा गट निश्चित झाला का, हे प्रश्न विचारल्यावर ती ओळ पूर्ण खोडता येते की अर्धीच, ते ठरते.

हरकत घेतली होती का?

पुराव्यातील दोष दोन जातींचे असतात आणि अपिलात त्यांची गत अगदी वेगवेगळी होते. पोलिसांपुढची कबुली मुळातच अग्राह्य असते. बचावाच्या वकिलाने हरकत घेतली नाही म्हणून ती ग्राह्य होत नाही, आणि हा मुद्दा अपिलात पहिल्यांदाही मांडता येतो. याउलट कागद किंवा नोंद ग्राह्य आहे, पण ती शाबीत करण्याची पद्धत चुकली, असा दोष असेल तर हरकत दाखल करतेवेळीच घ्यावी लागते, कारण त्याच वेळी हरकत आली असती तर सरकार पक्षाने उणीव भरून काढली असती. मोबाइलच्या कॉल तपशिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाने सोनू विरुद्ध हरियाणा राज्य (2017) या निवाड्यात हेच सांगितले: इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत लागणारे प्रमाणपत्र जोडले नव्हते हे खरे, पण खटल्यात हरकत न घेतल्यामुळे अपिलात ती उपस्थित करता येणार नाही. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातील 2020 च्या निर्णयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसाठी पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चे (आता कलम 63) प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे पक्के केले आहे. मात्र तो निवाडा हाताशी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. आधी साक्षीच्या कागदावर ‘बचाव पक्षाची हरकत’ अशी नोंद आहे की नाही ते पाहावे. खटला अजून सुरू असलेल्यांनी यातून एवढेच घ्यावे, की हरकत तोंडी घेऊन भागत नाही, ती लिहून घेण्याचा आग्रह धरावा लागतो.

विसंगतीचे शाबीतीकरण

साक्षीदाराने पोलीस जबाबात एक आणि न्यायालयात दुसरेच सांगितले, हा आवडता मुद्दा, आणि तांत्रिक कारणाने वाया जाणारा मुद्दाही हाच. पोलिसांनी लिहिलेला जबाब (दंड प्रक्रिया संहितेचे जुने कलम 162, तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 181) हा स्वतंत्र पुरावा नाही. साक्षीदाराला खोडण्यापुरताच त्याचा उपयोग. त्यासाठी जबाबातील नेमका भाग साक्षीदारापुढे ठेवावा लागतो, तो त्याने नाकारला तर त्या भागावर खूण करून घ्यावी लागते आणि पुढे तपासी अंमलदाराकडून ‘असा जबाब त्याने दिला होता’ हे वदवून घ्यावे लागते. ही शेवटची पायरी राहिली असेल तर विसंगती शाबीत झाली नाही असेच उच्च न्यायालय धरेल, आणि तो दोष सत्र न्यायाधीशाच्या माथी मारता येणार नाही. उलट चूकही होते: साक्षीदार फितूर झाल्यावर सरकारी वकील त्याला पोलीस जबाब वाचून दाखवतात, तो नाकारतो, आणि निकालपत्रात मात्र त्या जबाबातील मजकूर घडलेली हकीकत म्हणून उतरतो. अशी वाक्ये निकालपत्रातून वेचून काढावीत. ती सरळ खोडता येतात.

आरोपीला न विचारलेला प्रश्न

अपिलात सर्वाधिक फळ देणारी तपासणी ही, आणि तिला लागतात फक्त दोन कागद व एक पेन्सिल. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 313 (नागरिक सुरक्षा संहितेचे 351) नुसार आरोपीविरुद्ध पुराव्यात आलेली प्रत्येक परिस्थिती त्याच्यापुढे ठेवून त्याचे स्पष्टीकरण मागणे न्यायालयावर बंधनकारक आहे. निकालपत्र डाव्या हाताला आणि हा जबाब उजव्या हाताला ठेवून, निकालपत्रात विरोधात वापरलेली प्रत्येक परिस्थिती कोणत्या प्रश्नात आली आहे ते शोधावे. शंभर प्रश्न विचारलेले असतात आणि नेमकी कळीची बाब त्यात नसते. काही वेळा ती असते, पण पाचसहा साक्षीदारांची हकीकत एका लांबलचक प्रश्नात कोंबलेली असते आणि उत्तरात ‘खोटे आहे’ एवढेच लिहिलेले असते. अशा प्रश्नाने आरोपीला स्पष्टीकरणाची खरी संधी मिळाली का, हाही अपिलाचा मुद्दा होऊ शकतो.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या पुण्यातील प्रकरणात सत्र न्यायालयाने फाशी दिली होती आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये आरोपीला निर्दोष सोडताना, जबाबात न विचारलेल्या परिस्थिती विचारातून पूर्णपणे वगळल्या आणि उरलेली साखळी तुटलेली असल्याचे ठरवले. परिस्थितिजन्य पुराव्याच्या ज्या पाच कसोट्यांना वकील मंडळी ‘पंचशील’ म्हणतात त्या याच निवाड्यातल्या आहेत, म्हणून तो बहुतेकांच्या लक्षात राहतो तो त्यांच्यासाठी. अपिलाच्या दृष्टीने त्यातील वजाबाकी तितकीच शिकण्यासारखी आहे.

पण प्रश्न राहिला म्हणजे सुटका झाली, असेही नाही. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1973) या निवाड्याने स्पष्ट केले आहे, की त्या चुकीमुळे आरोपीचे नुकसान झाले हे दिसायला हवे, आणि अपील न्यायालय आरोपीच्या वकिलाला त्या परिस्थितीबद्दल तिथेच स्पष्टीकरण विचारू शकते. म्हणून अपिलात ‘प्रश्न विचारला नाही’ एवढे लिहून थांबू नये. विचारला असता तर आरोपीने काय सांगितले असते आणि ते उलटतपासणीतील कोणत्या सूचनेशी जुळते, हे लिहावे. काळ किती लोटला हेही महत्त्वाचे ठरते. राजकुमार उर्फ सुमन विरुद्ध दिल्ली राज्य या 2023 च्या निवाड्यात घटनेला सत्तावीसहून अधिक वर्षे होऊन गेल्यावर प्रकरण पुन्हा जबाबाच्या टप्प्यावर पाठवणे अन्यायाचे ठरेल, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडून दिले. घटना दोनतीन वर्षांपूर्वीची असेल तर न्यायालय फेरजबाबासाठी प्रकरण खाली पाठवण्याची शक्यता धरूनच चालावे.

नमुने, सील आणि दडवलेला पुरावा

डीएनए अहवाल आला की बचावाचे अवसान गळते, हे नेहमीचे दृश्य. वास्तविक अहवालाची किंमत नमुना घेतल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंतच्या प्रवासावर ठरते. नमुना कोणत्या तारखेला घेतला, तो पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात किती दिवस होता, कक्षाच्या नोंदवहीत त्याची नोंद आहे का, घेऊन जाणारा शिपाई साक्षीदार म्हणून तपासला का, प्रयोगशाळेने सील शाबूत असल्याचे लिहिले आहे का, या तारखा एका ओळीत मांडाव्यात. ठाणे जिल्ह्यातील 2010 च्या एका बालिकेवरील अत्याचार व खुनाच्या प्रकरणात फाशी झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये निर्दोष सोडले, त्यात नमुने पाठवण्यातील न समजावलेला विलंब आणि ताब्याची तुटलेली साखळी ही मोठी कारणे होती.

दडवलेल्या पुराव्याचे सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. नाशिक जिल्ह्यात जून 2003 मध्ये घडलेल्या दरोडा, बलात्कार व खुनाच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी दिली होती. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या अल्बममधील छायाचित्रांवरून भलत्याच चौघांना ओळखले होते, आणि त्यांच्याविरुद्ध पुढे तपासच झाला नव्हता. अंकुश मारुती शिंदे प्रकरणात मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयाने आधीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला दिला. तपासाचे सर्व कागद मागून घेण्याचा आग्रह का धरावा, याचे आणखी स्पष्टीकरण नको. असा कागद अपिलाच्या वेळी हाती लागला तर दंड प्रक्रिया संहितेच्या कलम 391 (आता 432) खाली जादा पुराव्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तो आधी का दाखल झाला नाही याचे पटेल असे कारण लागते.

कशावर वेळ घालवू नये

पंच फितूर झाला एवढ्याने जप्ती नाशाबीत होत नाही. तपासी अंमलदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर ती पुरते. मृत्युपूर्व जबाबावर जखमी जबाब देण्याच्या स्थितीत असल्याचा डॉक्टरचा शेरा नाही, हा मुद्दा लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य (2002) या घटनापीठाच्या निर्णयानंतर एकटा उभा राहत नाही. झडती बेकायदेशीर होती म्हणून सापडलेली वस्तूही बाद होते, अशी समजूत आपल्याकडे चालत नाही; मुंबईच्या कॉरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील) लाचप्रकरणात, म्हणजे आर. एम. मलकानी निवाड्यात (1973), चोरून नोंदलेले संभाषणही ग्राह्य धरले गेले. अपवाद अमली पदार्थांच्या कायद्याचा. तिथे अंगझडतीपूर्वी कलम 50 नुसार राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यापुढे झडती होण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही तर जप्तीवर उभी असलेली शिक्षा टिकत नाही, आणि तोफान सिंग निवाड्यानंतर (2020) त्याच कायद्याच्या कलम 67 खाली तपास अधिकाऱ्याला दिलेला जबाब कबुली म्हणून वापरता येत नाही.

अपीलमेमो आणि त्यानंतर

तीस-चाळीस मुद्द्यांचा अपीलमेमो (अपिलाचा लेखी अर्ज) लिहिण्याची आपल्याकडची सवय मला घातक वाटते. ‘विद्वान न्यायाधीशांनी पुराव्याचे योग्य मूल्यमापन केले नाही’ हे वाक्य प्रत्येक अपिलात असते आणि त्याने काहीच साधत नाही. त्याऐवजी प्रत्येक मुद्द्यात चार गोष्टी क्रमाने याव्यात: साक्षीदाराचा क्रमांक व निशाणी, नेमका दोष, निकालपत्राच्या ज्या परिच्छेदात त्यावर विसंबले आहे तो परिच्छेद, आणि तो पुरावा वगळल्यावर उरणारी उणीव. दंड प्रक्रिया संहितेचे कलम 465 (आता 511) चूक निकाल उलटवण्याइतकी मोठी ठरण्यासाठी न्यायहानी दाखवण्याची अपेक्षा करते आणि हरकत आधी घेता आली असती का हेही विचारते. या दोन्हींची उत्तरे मेमोतच असावीत. अपिलासोबत कलम 389 (आता 430) खाली शिक्षा स्थगिती व जामिनाचा अर्ज करावा आणि त्यात सर्वांत भक्कम असे दोनच दोष मांडावेत, कारण त्या टप्प्यावर न्यायालय पुरावा खोलात जाऊन तपासत नाही.

ताजे निवाडे आधाराला घेताना पुढे काय झाले ते पाहून घ्यावे. मुंबईतील 11 जुलै 2006 च्या रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यात उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी कबुलीजबाब, ओळख परेड आणि जप्ती यांतील दोष एकेक करून तपासले आणि बाराही जणांची शिक्षा रद्द केली. दोष वेगवेगळे खोडून उरलेले वाचण्याच्या पद्धतीचे ते ठळक उदाहरण असले, तरी तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, त्यामुळे सुनावणीत त्याचा आधार घेता येणार नाही.

मागणीच्या परिच्छेदात फेरखटल्याची पर्यायी मागणी सहज म्हणून घालू नये. फेरखटल्यात सरकार पक्षालाही आपल्या उणिवा भरून काढण्याची संधी मिळते आणि आरोपीची आणखी काही वर्षे जातात. अपील न्यायालय फेरखटला क्वचितच देते, 2002 च्या गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये तो गुजरातबाहेर महाराष्ट्रात चालवण्यास सांगितले ते अगदी अपवादात्मक परिस्थितीत; पण आपणच मागितला तर मिळण्याचा धोका वाढतो. कमी गंभीर कलमाखाली शिक्षा बदलून मिळण्याची पर्यायी मागणी मात्र जरूर ठेवावी.

शिक्षा रद्द झाल्यावर आदेश खालच्या न्यायालयामार्फत तुरुंगात पोहोचेपर्यंत सुटका होत नाही, म्हणून आदेश होताच तो लवकर कळवला जाईल याचा पाठपुरावा करावा, दुसऱ्या कोणत्या प्रकरणात आरोपी हवा नसल्याची खात्री आधीच करून घ्यावी आणि भरलेला दंड परत मिळण्याचा उल्लेख आदेशात आहे की नाही ते पाहून, नसल्यास त्याच दिवशी न्यायालयाच्या निदर्शनास आणावे.